आधी दशरथचं वावर

नाना गेल्याचा निरोप धुळ्यात आमच्या गल्लीतल्या पीसीओवर आला. पिंपळनेरहून पास्टर बोलत होते. "नाना प्रभूकडे गेले," एवढंच म्हणाले. नाना माझे सासरे. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराला लागून असलेल्या पाड्यावर त्यांची थोडीशी कोरडवाहू जमीन. पाड्यावरच्या भिल्ल भाऊबंदांत ख्रिस्ती असं त्यांचं एकच घर. मी धुळ्यातला, आजोबांपासूनचा ख्रिस्ती. त्यामुळे श्रद्धेतलं आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, अशी माझी ऐट होती. नानांनी ती कधी बोलून दाखवून उतरवली नाही. ती आपोआप उतरली.

बाप्तिस्म्याआधी नानांच्या हातची मोहाची दारू आसपासच्या पाड्यांवर नावाजलेली होती म्हणे. सासूबाई हे सांगताना लाजायच्या आणि नाना मिशीत हसायचे. पण बाप्तिस्मा झाल्यापासून त्यांनी थेंबही तोंडाला लावला नव्हता. ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी, बाळंतपणाला आलेल्या बायकोला न्यायला मी पाड्यावर गेलो, तर गोठ्यातला एक खुंटा रिकामा होता. नानांचा एक बैल शेजारच्या दशरथच्या वावरात शिरला होता आणि दशरथने रागाच्या भरात कुऱ्हाड फेकून मारली होती. बैल मेला. पेरणी तर तोंडावर आलेली.

पंच बसले. दशरथकडे एकच बैल होता. तो त्याने नानांना द्यावा, असा निवाडा झाला. दशरथ मान खाली घालून ऐकत होता. निवाड्यानंतर दोघांनी एकाच द्रोणातून दारू प्यायची, की भांडण संपलं, अशी तिथली रीत. प्यायले नाहीत तर वैर तसंच राहतं, पोरांकडे आणि नातवंडांकडे जातं. पाड्याच्या कारभाऱ्यांनी पानांचा द्रोण भरून पुढे केला.

"नाना, घोट ले. नही तं हाई भांडन मिटाव नही."

"मी पिवाव नही," नाना म्हणाले.

दशरथचे भाऊबंद ताडकन उभे राहिले. द्रोण नाकारणं म्हणजे सगळ्या पंचांचा अपमान. एक घोट घ्या आणि मोकळे व्हा, प्रभू काय समजून घेणार नाही का, असं मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो. नाना मात्र जागचे हलले नाहीत.

"मंग मिटी कसं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"माले त्याना बैल नको. मना एक बैल शे, त्याना बी एक शे. दोन्हीस्ले एक जूले जुपूत. पहिले दशरथनं वावर पेरूत, मंग मनं."

कारभाऱ्यांनी द्रोण जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "करी दखा." करून बघा.

दुसऱ्या दिवशी पेरणीची पाभर जुंपली. नानांचा बैल उंच, दशरथचा ठेंगणा. जू एका बाजूला कललेलं. जोडी काही केल्या सरळ चालेना. मागे पाभरीवर दशरथ, आणि पुढे नाना, दशरथच्या बैलाच्या मानेवर हात ठेवून त्याला चुचकारत चाललेले. दशरथ रडत होता. ज्याने आपला बैल मारला त्याचं वावर नाना आधी पेरून देत होते, आणि त्यात उपकाराचा आव नव्हता. बांधावर उभ्या उभ्या मी कधी चपला काढल्या, मला कळलंही नाही. चर्चमध्ये इतकी वर्षं गेलो, पण देव इतक्या जवळून गेल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

नानांचं वावर मागे पडलं आणि त्यांची बाजरी निम्मीच आली. आशीर्वाद म्हणजे भरलेली कणगी, असा माझा शहरी हिशेब. दिवाळीत न राहवून मी विचारलंच, "नाना, देवाचं ऐकून तुमच्या पदरात काय पडलं?"

नाना खळखळून हसले. "पाव्हना, मना बाप कुऱ्हाड उशाले ठेईसन झोपे. मी मोकया हातवर झोपस. दशरथ बी झोपस. आजून काय मांगू देवजोडे?"

आशीर्वादावरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण त्या उत्तरानंतर मला कुठलंच पुरं वाटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना भेटायला गेलो होतो. संध्याकाळी दशरथ आला. थकलाय आता. तो ख्रिस्ती झाला नाही, दारूही सुटलेली नाही. त्यांच्यात पिण्याआधी दोन थेंब भुईवर सांडतात आणि आपल्या घरच्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. परक्याचं नाव घेत नाहीत. दशरथ ओट्यावर बसला, सासूबाईंकडे त्याने तांब्याभर पाणी मागितलं आणि थेंब थेंब भुईवर सांडत बापाचं नाव घेतलं, मग आजाचं, मग नानांचं. चर्चच्या नियमात हे बसतं की नाही, ते मी पास्टरांना विचारणार नाही.

"आज पानी काब्र?" सासूबाईंनी कारण विचारलं.

"नाना पेत नही ना," दशरथ म्हणाला, आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.