एक थाप थांबायची

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ... अहो, भुतांना दुसरा काही उद्योग नाही का? माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. त्यामुळे मी हे लिहायला बसलेय म्हटल्यावर आमचे हे मघापासून गालातल्या गालात हसतायत. हसू देत. त्या दिवशी गाडी तेच चालवत होते, आणि उत्तर त्यांनाही सापडलेलं नाही.

गोष्ट सोलापूरची. बहात्तरचा दुष्काळ सरून चार-दोन वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष. सासरचा धंदा आठवडी बाजारांत चादरी विकायचा. त्यासाठी घरी एक ट्रक होता – साधासुधा नव्हे, लढाईतला! माझे सासरे, म्हणजे मामंजी, महायुद्धात मिलिटरीचे ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी लिलावात तसलाच एक जुना ट्रक घेतला. स्टिअरिंग उलटं, डाव्या बाजूला. वरून निळा रंग दिलेला, पण कुठे खरवडलं की आतून मिलिटरीचा हिरवा दिसायचा. नवी पेठेत शिरला की दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलायचे थांबायचे, कारण ऐकूच यायचं नाही.

त्या वर्षी मामंजी गेले. ह्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर नोकरी धरली. ट्रकला सुटे भाग मिळेनात. शेवटी माळशिरसच्या एका बागायतदाराने ऊस वाहायला तो मागितला, आणि ह्यांनी हो म्हटलं.

सासूबाई – मी त्यांना आत्याबाई म्हणायची – त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मामंजी गेल्यापासून त्या बोलतच नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. घास चिवडायच्या, आणि पाण्याला तर शिवायच्याच नाहीत. त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी पोटात गेलं नाही तर काही खरं नाही. मी तांब्या घेऊन मागे-मागे फिरायची. मला मनातून भीती वाटायची, की ही बाई हळूहळू मामंजींच्या मागोमाग निघाली आहे.

ट्रक पोचवायचा त्या सकाळी मात्र त्या धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या.

"मी बी येनार. अन् डांबरीनं न्हाय, त्येंच्या वाटंनं न्या."

मामंजींची वाट म्हणजे बाजाराची वाट. मोहोळच्या पुढे डांबरी सोडायची आणि गावागावांतून, दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीच्या रस्त्याने जायचं. ह्यांनी कपाळावर हात मारला. पण आईपुढे कोण बोलणार? निघालो. मागचा हौदा रिकामा. पुढे हे, मध्ये मी, खिडकीशी आत्याबाई, आणि त्यांच्या मांडीवर फिरकीचा तांब्या. काठोकाठ भरलेला, अर्थातच.

"आत्याबाई, घोटभर तरी घ्या."

"नगं गं. गाडीत नगं."

खडीवर ट्रक असा हादरत होता की दातावर दात आपटत होते. एका बाभळीच्या बनापाशी आलो, आणि आमच्या डोक्यामागच्या पत्र्यावर थाप पडली. एकच. तळहाताची, बेताची.

ह्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ट्रकवाल्यांत ही रीतच असते – मागे बसलेल्याने एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. पण मागे होतं कोण? हे उतरून हौद्यात चढले. कुणी नाही. मागच्या फळीची साखळी तेवढी सैल होती, ती त्यांनी चिंधीने आवळून बांधली. "साखळीच," म्हणाले. मीही मान डोलावली. तेवढ्यात आत्याबाई "आले गं" म्हणत बाभळीमागे जाऊन आल्या.

पुढे एका ओढ्याच्या उतारावर पुन्हा तेच. पुन्हा एकच थाप. या वेळी पदर खोचून मी स्वतः मागे चढले. साखळी चिंधीसकट जागच्या जागी. दोन्हीकडे कापलेल्या ज्वारीची रानं, सशालासुद्धा लपायला जागा नव्हती. पत्र्याला हात लावला तर चांगलाच तापलेला.

"पत्रा तापला की वाजतो," मी ह्यांना विज्ञान शिकवलं.

"मग एकदाच कसा वाजतो?" हे म्हणाले.

तेवढ्या वेळात आत्याबाई पुन्हा झुडपाआड जाऊन आल्या. बसल्या, आणि मी बघतच राहिले. त्यांनी तांब्याची फिरकी काढली, वर तोंड केलं आणि गटागटा पाणी प्यायल्या. अर्धा तांब्या!

"आत्याबाई...?"

"पिऊ दे गं. थांबवत्यात न्हवं त्ये."

आणि मग कित्येक महिन्यांनी त्या सलग बोलल्या. "बाजाराला जायचो तवा मागं आमी समद्या बाया. गाडीवर ह्यो, माजा ल्योक. थांब रं बाबा म्हून कुनी म्हनायचं? लाज वाटायची की! मग पानीच प्यायचं न्हाय कुनी. त्ये ह्येंच्या ध्यानात आलं. तवापासनं ह्ये बी मागंच बसायचे, गठ्ठ्यावर. झाडझुडूप दिसलं की थाप मारायचे. म्हनायचे, मला बिडी वडायची हाय. अन् आमच्याकडं पाठ करून लांब जाऊन हुबं ऱ्हायचे. बिडी कसली? निम्म्या येळंला पेटवायचेच न्हाईत."

ह्यांनी गिअरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "मला वाटायचं, म्हाताऱ्याला बिडीचं वेड." त्यावरून त्यांनी वर्षानुवर्षं बापाची चेष्टा केली होती.

दुपारी एका लिंबाखाली शेंगाच्या चटणी-भाकरीची शिदोरी सोडली. आत्याबाईंनी अख्खी भाकरी खाल्ली. पुढे माळशिरस येईपर्यंत थाप पडत राहिली, पण मागे बघायला आता कुणी गेलं नाही. हे गाडी थांबवायचे, उतरायचे आणि पाठ करून लांब जाऊन उभे राहायचे. जन्मात बिडी न ओढलेला माणूस!

माळशिरसला बागायतदाराच्या ड्रायव्हरने ट्रक ताब्यात घेतला. गाडी सुरू केली, आणि रिकाम्या हौद्यातून आवाज आला. थप्. थप्.

"मागं कोन हाय रं?" ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"निगा म्हनत्यात," आत्याबाई म्हणाल्या, आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत कशाबशा उभ्या राहिल्या. मग मला धरून हमसून-हमसून रडल्या. मी त्यांना रडू दिलं. मीही रडले.

परतीच्या एसटीत बसताना तांब्या भरून घेतला होता, पण त्यांनी फिरकीवर घट्ट मूठ धरली होती. "आता कोन थांबवनार गं?" एवढंच म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले, डोळा लागत होता... आणि माझा उजवा हात वर गेला आणि खिडकीच्या पत्र्यावर आपटला. एकदाच. तोच आवाज.

"ओ ताई, हितं काय थांबा हाय का?" कंडक्टर खेकसला.

"थांबवा म्हणते ना!" मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. वळून बघते तर आत्याबाई पदर सावरून उठलेल्या.

पत्रा, साखळी, ऊन... त्या थापांवर आजही मी वाद घालू शकते. पण माझा हात कसा उठला, याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बस पुन्हा सुटली. आत्याबाईंनी तांब्या उघडला आणि आधी माझ्यापुढे धरला. सकाळपासून मीही पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"पी गं," त्या म्हणाल्या. "आता दोगी हाय आपन."