खोक्यांतले भोपळे

सिस्टरला कशाची घाण वाटत नसे. एकतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलेली बाई; चिघळलेल्या जखमा साफ करून, हात धुऊन शेजारच्याच टेबलावर डबा खायची. पण महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला राहून ती घरी परतली, कोठीच्या खोलीचं दार उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाक दाबून मागे सरली.

खोक्यांच्या बुडातून पिवळट, चिकट पाणी झिरपून पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

खोकी नवऱ्याने भरलेली. कारखान्याच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ. जगातली प्रत्येक वस्तू चौकोनी का नाही, हे त्याचं जन्माचं दुःख. जाताना तिने बजावलं होतं, "साल नखाने दबेनाशी झाली की भोपळे काढा. चार बोटं देठ ठेवा. फळीवर मोकळे मांडा. धुऊ नका." पालथ्या घड्यावर पाणी! देठांमुळे खोकी बंद होईनात म्हणून याने सगळे देठ बुडापासून मोडले. माती बघवेना म्हणून भोपळे साबणाने धुतले. वरून चिकटपट्टी, आणि तिच्यावर वळणदार अक्षरात तारीख. मोडल्या देठातून सड आत शिरली, बंद खोक्यात तिला आयतं घर मिळालं.

भोपळ्यांचं सिस्टरला एवढं नव्हतं. बियाणं आईचं होतं. आई गेल्यावर भावांनी घर घेतलं, हिच्या वाट्याला मूठभर बिया आल्या. दरवर्षी परसात लावायच्या, पिकल्या भोपळ्यातून पुढच्या सालासाठी काढायच्या, असं तिने ते जपलं होतं. यंदा मात्र होत्या तेवढ्या सगळ्या लावल्या. आता जे काय उरलं होतं, ते या खोक्यांत.

"अगं, फेकून देऊ," नवरा दारातूनच म्हणाला. नाकाला रुमाल; त्याचीही घडी मोडलेली नाही. "बाजारात काय भोपळे मिळत नाहीत?"

तिने बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात त्या लगद्यात घातला. हाताला येईल ती बी पोकळ, नाहीतर मोड येऊन कुजलेली. तिसऱ्या खोक्यानंतर उठली. परसात जाऊन ओकली, चूळ भरली, परत येऊन बसली. शेवटच्या खोक्यात एक भोपळा अर्धा शाबूत निघाला. त्यात नऊ बिया टणक होत्या.

त्या धुऊन ती ताटलीत पसरत होती, तोच नवरेसाहेब रिकामी डबी, कापूस आणि चिकटपट्टी घेऊन हजर. "दे इकडे, नीट पॅक करून ठेवतो. आईची आठवण ना ती!"

त्याचे हात स्वच्छ होते, नखंसुद्धा. ते हात बघून तिला जी किळस आली, ती अळ्यांत बोटं घालतानाही आली नव्हती.

"लांब व्हा," ती म्हणाली, आणि ताटली उचलून शेजारणीकडे ठेवायला निघाली.