वाचनालयाच्या फळ्यावरची तारीख

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. ग्रंथपाल रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितात. नवं काही शोधायचं नाही. जुन्या वहीतलं त्या तारखेचं पान उघडायचं आणि उतरवून काढायचं. आज फळ्यावर सगळी युद्धंच होती. एका साली शहरावर बॉम्ब पडले, दुसऱ्या साली किल्ला घेतला, मग कुठलीशी चढाई, शेवटी एक तह. इतक्या सालांचे मुडदे एकाच तारखेखाली, सुवाच्य अक्षरात! आणि तळाला एका नटीचा वाढदिवस, शेजारी रंगीत खडूने काढलेला गुलाब.

पेपर वाचायला आलेल्या शांताताई फळ्यापुढे थांबल्या. "माझा भाऊ लढाईत गेला, तो आजच्याच दिवशी. त्याचं लिहाल का हो?"

"ताई, दिनविशेषात मोठ्या घटना घेतात," ग्रंथपाल म्हणाले. "आणि जागा तरी कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. किती घरांत रडारड झाली म्हणजे घटना मोठी होते, हे त्या वहीत कुठे लिहिलंय? मी ओल्या फडक्याने तो गुलाब नटीसकट पुसला आणि खडू उचलला.

"नाव सांगा, ताई."

"नाव राहू द्या. एवढंच लिहा, की आधी तो गेल्याची तार आली. मग चार दिवसांनी त्याच्या हातचं पत्र आलं. मी खुशाल आहे, असं होतं त्यात."