तपासली, चालवली, सुस्थितीत मिळाली

मी मुकुंद रामराव देगावकर, बी.कॉम., वय चौपन्न, उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये कार्यालय अधीक्षक. गेल्या वर्षी मी एका छापील कागदावर चुकीची सही केली आणि तिच्यापायी एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली. ते जसे घडले तसे लिहून ठेवणे, एवढाच या पोस्टचा उद्देश.

दुर्गाष्टमीच्या दिवशी मी आणि मिलचे सुरक्षारक्षक सूर्यभान कांबळे नांदेडला गेलो. मिलसाठी दोन नळ्यांची नवी बंदूक घ्यायची होती. कांबळे उमरीचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले... बोलणे कमी.

दुकानात मी माझ्या पद्धतीने सगळे पाहिले. परवान्यावरचा क्रमांक, नळीवरचा, खोक्यावरचा, बिलावरचा... चारही जुळले. बिलावरचा एक आकडा पुसट होता, तर दुसरे बिल करायला लावले.

कांबळे म्हणाले, "सायेब, दोन्ही नळ्याची एक एक फैर मारून बघू. दुकानवाल्याची रेंजवर सोय हाय."

मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या मिलमध्ये नवा वजनकाटा असो, नवी मोटार असो, पूजेआधी चालवायची नाही असा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. कांबळे बौद्ध, पूजेचा विषय निघाला की ते वाद घालत नाहीत, गप्प होतात. तसेच झाले. दुकानदाराने पुढे केलेल्या छापील पावतीवर मी सही केली.

खंडेनवमीला बंदुकीला कुंकू लागले, झेंडूची माळ पडली, सगळ्यांनी फोटो काढले. दसरा झाला, हंगाम सुरू झाला. फैर झाडून पाहायची राहिली, हे मग कोणाच्याच लक्षात आले नाही... माझ्यासुद्धा.

पाऊस त्या वर्षी अर्ध्यावरच थांबला होता. पौषात नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी येईना, तेव्हा आमच्या मालकांनी... सगळे त्यांना आप्पा म्हणतात... मिलचा बोअर रोज सकाळी तासभर गल्लीला खुला केला. रांग सांभाळायचे काम कांबळेंकडे आले.

रांगेत रोज एकच चर्चा, उदगीर जिल्हा होणार की नाही. एके दिवशी एक म्हातारी वैतागून म्हणाली, "जिल्हा हुईल तवा हुईल, माझी घागर कवा भरनार? आन् हवालदार, ती बंदूक ठिव की बाजूला. घागर उचलू लाग." रांग हसली. कांबळेंनी बंदूक टाकीच्या भिंतीला टेकवली आणि घागर तिच्या डोक्यावर चढवून दिली. पुढे ते रोजचेच झाले. बंदूक हाताच्या अंतरावर असे, पण भिंतीला टेकलेली असे... आणि ते आप्पांनीही पाहिले होते.

माघात सुरक्षारक्षकांचा नेमबाजीचा सराव होता. मी सोबत गेलो होतो. उजवी नळी नीट उडाली. डाव्या नळीतून नुसते 'टक' आले. काडतूस बदलले... पुन्हा टक. दोन्ही काडतुसांच्या बुडाला साधा ओरखडाही नव्हता.

आप्पांनी मला केबिनमध्ये बोलावले. "नव्या बंदुकीला काय धाड भरलीय? यानंच पाण्याच्या रांगेत आपटली असल. मी सवता बघितलंय भिंतीला टेकवलेली. नोटीस काढा, देगावकर. उद्यापास्नं येऊ नको म्हणावं."

हत्याराची हेळसांड केली असे एकदा कागदावर आले, की त्या माणसाला उदगीरातच काय, लातूरपर्यंत कोणी दारावर उभे करणार नाही. हे आप्पांना ठाऊक होते, मलाही होते. तरी मी नोटीस लिहायला बसलो. 'बंदूक खरेदीच्या वेळी सुस्थितीत होती' असे वाक्य लिहिले आणि पुरावा म्हणून पावती जोडायला फाइलमधून काढली.

पावतीवर छापलेले होते: तपासली, चालवली, सुस्थितीत मिळाली. खाली माझी सही.

चालवली नव्हती. चालवू या म्हणणारा माणूस तोच होता, ज्याची नोटीस मी लिहीत होतो.

नोटीस बाजूला ठेवून मी दुसरे पत्र लिहिले. कांबळेंनी फैर झाडण्याचा आग्रह धरला होता, मी तो नाकारला, बंदूक न चालवताच सही केली आहे, सबब जबाबदारी माझी... एवढेच. आप्पांनी ते दोनदा वाचले.

"हे लिहून दिलं म्हंजे चूक तुमची झाली की, देगावकर."

"झालीच आहे, आप्पा."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "आधी बंदूक उघडून घ्या."

नांदेडला कारागिराने बंदूक उघडली. डावीकडची, काडतुसावर आदळणारी पिन मुळातच आखूड घडवलेली होती. आपटल्याची कुठेही खूण नव्हती. दुकानदाराने मुकाट्याने पिन बदलून दिली.

चार महिने कांबळे अर्ध्या बंदुकीनिशी फाटकावर उभे होते. मी त्यांना सगळे सांगितले, नोटिशीचेही. ते म्हणाले, "असू द्या सायेब. लोकायला तर दोन नळ्या दिसत हुत्या न्हवं."

आज पुन्हा खंडेनवमी. या वेळी आठ दिवस आधीच रेंजवर जाऊन दोन्ही नळ्या चालवून आणल्या, मग बंदूक पूजेला मांडली. शेजारी रिवाजाप्रमाणे माझे पेन ठेवले. कुंकू लावणार, एवढ्यात दारातून कांबळे म्हणाले, "सायेब, त्येबी हत्यारच हाय. आधी चालवून बघितलं का?"

सगळा स्टाफ हसला. मी पेन उचलले, एका कोऱ्या कागदावर त्यांचे पूर्ण नाव लिहून पाहिले आणि मगच कुंकू लावले.

आपला,
मुकुंद रामराव देगावकर
उदगीर, खंडेनवमी