उपासाचं मीठ

बेसा भागातल्या फिजिओथेरपी सेंटरला आईसोबत जायचे, तेव्हा ते आजोबा रोज दिसायचे. लकव्याने उजवी बाजू गेलेल्या बायकोला ते वरण-भात भरवायचे. प्रत्येक घासावर खिशातल्या डबीतलं गुलाबी मीठ भुरभुरायचे, मग तिचे ओठ पुसायचे. इतक्या मायेने भरवणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे.

एकदा आईनेच विचारलं, "काका, बीपीनेच झालं ना यांना? मग मीठ कसं?"

ते हसले. "डॉक्टरनं बीपी सांगितलं तवापासून साधं मीठ घरात येऊच देलं नाही, ताई. हे उपासाचं आहे. सढळ हातानं टाकतो, नाहीतर जेवतच नाही ही."

फिजिओच्या मॅडम जाता जाता थांबल्या. "काका, सैंधवही मीठच आहे. त्यानेही बीपी वाढतं."

आजोबांनी डबी खाली ठेवली. "मंग हिले हे माह्यामुळं झालं का?"

"तसं नाही, काका," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्याकडे न बघता.

आजींनी तोंड उघडलंच होतं. आजोबांनी पुढचा घास तसाच, अळणी भरवला. आजींनी तो तोंडात घोळवला आणि चालत्या हाताने डबीकडे बोट दाखवलं.