परत आलेलं पातेलं

पारोस बेटाहून शेजारच्या नाक्सोसला जाणारी आमची फेरीबोट सुटायच्या बेतात होती. एका म्हाताऱ्या बाईंनी फडक्यात बांधलेलं पातेलं खलाशाच्या हाती दिलं आणि त्याच्याकडून कालचं पातेलं परत घेतलं. पलीकडच्या बेटावर त्यांचा मुलगा राहतो, असं खलाशी मला म्हणाला.

"तासाभराचा तर प्रवास. त्या स्वतःच का जात नाहीत?"

"त्यांना बोट लागते."

जन्म बेटावर गेला आणि समुद्र सोसत नाही, याचं मला हसू आलं. तेवढ्यात बाईंनी परत आलेल्या पातेल्याचं झाकण उघडलं. आत पाच-सहा लिंबं होती. त्यातलं एक नाकाशी धरून, बोट सुटली तरी त्या धक्क्यावर उभ्या राहिल्या, अगदी दिसेनाशा होईपर्यंत.

मी शिकायला बाहेरगावी होतो तेव्हा आई एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा धाडायची. मी तो नुसता विसळून परत पाठवायचो. "रिकामा पाठवू नये रे, निदान दोन ओळी तरी टाकत जा," ती म्हणायची.

तिचा शेवटचा डबा माझ्याकडेच राहिला. नाक्सोसचा धक्का जवळ आला तेव्हा मी मनातल्या मनात तो भरत होतो, आणि कुणाच्या हाती द्यावा ते सुचत नव्हतं.