हँडब्रेकवरचा हात

मी माझ्या थोरल्या दिरांच्या हातावर फटका मारला, ही गोष्ट आमच्या घराण्यात अजून चवीनं सांगितली जाते. त्या वेळी टायर फुटला होता, एवढं मात्र सांगायचं राहून जातं. म्हणून आता मीच सांगते.

रायपूरच्या पंडरी बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. मालाचा टेम्पो मी कित्येक वर्षं स्वतः चालवत आले. त्यामुळे आमच्या ह्यांनी हौसेनं जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन बसवून घेतलं, तेव्हा हे मोटरहोम चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. ह्यांची मजल स्कूटरपर्यंत. आणि भाऊजी, म्हणजे थोरले दीर, रेल्वेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. ते जन्मभर मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला रस्ता सांगत आले.

गाडी वर्षातून एखाददा निघायची. एरवी तेलीबांध्याला घरासमोर उन्हात तापत उभी. नागपूरच्या लग्नाला गाडीनं जायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, आधी टायर बदलू. उभ्या गाडीचंही रबर म्हातारं होतं, आणि टायरांच्या कडेला मला बारीक भेगा दिसत होत्या. भाऊजींनी वाकून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. गाडी चाललीच कुठे, नक्षी तर नवीकोरी आहे, असा निकाल देऊन ते मोकळे झाले. मग त्याच टायरांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि आम्ही निघालो.

परतताना राजनांदगाव मागे पडलं होतं. भर दुपारचं ऊन. भाऊजी माझ्या डाव्या हाताला, सासूबाई माझ्या मागच्या बाकावर, हे त्यांच्या शेजारी. जाऊबाई पार मागे उभ्यानं चिवडा कालवत होत्या. चालत्या गाडीत बसून राहा, हे मी सांगून थकले होते. घरासारखी गाडी केली की माणसं तिच्यात घरासारखी हिंडतात.

तेवढ्यात पुढचा डावा टायर फुटला. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि गाडी डावीकडे, रस्त्याकडेच्या नाल्याच्या बाजूला ओढ घ्यायला लागली. असल्या वेळी पाय आपोआप ब्रेककडे धावतो आणि तिथेच घात होतो. उंच, जड गाडी गर्रकन फिरते, नाहीतर आडवी होते. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून गाडी सरळ ठेवली. ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला नाही, हळूहळू सैल केला. गाडी माझं ऐकायला लागली होती. आणि नेमके तेव्हाच भाऊजी "ब्रेक मार, ब्रेक मार" करत हँडब्रेकवर झेपावले. दांडा त्यांनी धरला आणि वर खेचायला घेतला. मी डावा हात सोडून त्यांच्या मनगटावर असा हाणला, की दांडा सुटला. मग हात परत स्टिअरिंगवर, एकेक गिअर खाली, आणि गाडी कडेच्या मुरमावर जाऊन थांबली. सगळे हातीपायी धड होते. चिवडा तेवढा गाडीभर झाला होता.

मला वाटलं, निदान पाणी तरी कोणी विचारेल. पाणी दिलं ते मागून आलेल्या ट्रकवाल्यानं, दीदी म्हणून. त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं स्टेपनीही चढवून दिली. तोवर झाडाखाली आमच्या घरची पंचायत बसली होती. जाऊबाई भाऊजींच्या मनगटाला ओला रुमाल लावून रडत होत्या. सासूबाईंनी मला बोलावलं आणि सांगितलं, मोठ्यावर हात उचलला, माफी माग. मी ह्यांच्याकडे पाहिलं. सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस, पण तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. त्या दिवशी मला टायरापेक्षा ह्यांचा जास्त राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मी माफी मागितली. वाद घालायचं त्राण नव्हतं. भाऊजींनी मोठ्या मनानं माफ केलं.

"जाऊ दे. बाईमाणूस घाबरलं का असंच होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"घ्या भाऊजी. घाबरलेल्या बाईच्या गाडीत काहून बसता? रायपूरपर्यंत तुम्हीच चालवा."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग गाडीकडे. ट्रकवाले हात पुसत आमच्याकडे बघत होते. शेवटी भाऊजी मागच्या दारानं आत चढले. त्यांच्या मागून जाऊबाई आणि हेही.

पुढच्या सीटवर सासूबाई येऊन बसल्या. पट्टा लावून दे म्हणाल्या, तो मी लावला. गाडी मी सावकाश चालवत होते. दुर्ग मागे पडलं, तशा त्या माझ्याकडे वळल्या. मग मागे ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलल्या.

"तू नव्हती घाबरली. मी मागून पाहून राहिली होती. घाबरला तर तो होता."

"मग आई, माफी मले काहून मागायले लावली?"

"तो मोठा आहे ना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, शरम तर नव्हतीच. एवढं बोलून त्यांनी मान मागे टेकवली, आणि रायपूर येईपर्यंत माझ्या शेजारी निर्धास्त झोपल्या.